बारा मे

वाचनालयाच्या संगणकावर नको त्या जाहिराती आपोआप उघडू लागल्या आणि खापर फुटलं ग्रंथपाल हेमलतावर. "एकटी बसून काय बघते, देव जाणे!" लोक कुजबुजू लागले.

"राजीनामा द्या, प्रकरण मिटेल," कार्यवाह आबासाहेब म्हणाले.

हेमलता पेटून उठली. तिने सभासदांना बोलावलं आणि सर्वांदेखत संगणकातल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. जाहिराती आणणारा फुकटचा रमीचा खेळ त्यातच सापडला. तो बसवल्याची तारीख होती बारा मे.

"त्या आठवड्यात मी रजेवर होते. किल्ली तुमच्याकडे होती, आबासाहेब."

आबासाहेबांची मान खाली गेली. तिने खेळ काढून टाकला, जाहिराती थांबल्या.

माफी कोणीच मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपलं टेबल ओढत नेऊन रस्त्याकडच्या दारातच मांडलं. बघा म्हणावं, काय बघायचं ते!