खडबडीत लादी

"पाय घसरला असं लिहा, डॉक्टरीणबाई," मुलाचे वडील म्हणाले. "तेवढे उपकार करा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तपासणी त्यांनीच केली होती, पोलिसांनीही सगळं सांगितलं होतं. शंकेला जागा नव्हती. एरवी त्यांनी एव्हाना लिहूनही टाकलं असतं. नदीवरच्या पुलावरून उडी घेतलेल्या प्रत्येकाचा पाय त्यांच्या कागदांत घसरलेलाच होता. गेलेला काही परत येत नाही, मागे राहिलेल्यांची अब्रू तरी झाकू, असा त्यांचा साधा हिशेब.

"नाही लिहिणार," त्या म्हणाल्या.

"आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लिहिलंत की!"

"लिहिलं. चुकलंच माझं. आता ऐका." बाईंचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "पुलाचा कठडा उंच करा म्हणून मी नगरपालिकेत खेटे घातले. इंजिनियरने माझेच कागद माझ्यापुढे मांडले. आत्महत्या एकही नाही, घसरून पडलेले मात्र ढीगभर. मग त्या शहाण्याने काय करावं? अख्ख्या पुलावर खडबडीत लादी बसवली. वर मलाच म्हणतो, बाई, आता मुंगीसुद्धा घसरायची नाही."

"आणि कठडा?"

"आहे तेवढाच. कमरेएवढा."

वडील खुर्चीत आणखी खचले. या माणसाचा तरुण मुलगा शेजारच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होता, आणि आपण त्याच्याकडेच काहीतरी मागतोय, हे बाईंना कळत होतं. तरी त्या मागे हटल्या नाहीत.

"एकट्या माझ्या पोराचं खरं लिहून काय होणार?" वडिलांनी विचारलं.

"एक तर होईल. आज माझ्या हातात शून्य आहे. शून्य घेऊन मी कुणाशी भांडू?"

वडिलांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "लिहा."

बाईंनी लिहिलं. वडील उठून बाहेर गेले. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर त्यांचा मेहुणा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "काय सांगू, पाय घसरला हो..."

वडिलांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "तो घसरला नाही. कुणी विचारलं तर असंच सांगा."