पहिल्या फुलाची तारीख

शहरातल्या दीडशे वर्षं जुन्या बागेत आई एकतीस वर्षं झाडांच्या नावांच्या पाट्या रंगवायची. तिथल्या म्हाताऱ्या चाफ्याला पहिलं फूल कधी आलं, ती तारीख ती दर वर्षी एका वहीत लिहायची. निवृत्त झाल्यावरही ती बागेत जायची ती फक्त त्याच दिवशी. यंदा फूल यायला अजून निदान सहा आठवडे होते. आईकडे तीनच आहेत, असं डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

"आई, या रविवारीच जाऊ या ना बागेत," दादा म्हणाला. "गर्दी नसते, चाकाची खुर्चीही मिळतेय."

"आत्ता? त्याला पान नाही की फूल नाही. नुसत्या काटक्या बघायला जाऊ?"

"पुढच्या महिन्यात मला सुट्टी मिळणार नाही गं," मी ठोकून दिलं.

आई म्हणाली, "बरं बाई. तुमच्या सोयीनं."

रविवारी सकाळी पिशवी भरताना मी वही उघडली. तारखांच्या रांगेखाली, पाटीवर काढायची तशा ठसठशीत अक्षरांत, तिने यंदाचं साल लिहून ठेवलं होतं. तारखेची जागा कोरी होती.

 

पुढे लिहिलं होतं, "ही लेकीने भरावी. तेव्हा तिला सुट्टी मिळेल."