लाल पट्टा

सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या दस्तगीरच्या दुकानात गल्लीबोळातल्या कुत्र्यांची चित्रंही विकायला असत. हॉटेलवाल्या सर्जेरावांनी त्यातलं एक निवडलं.

"कुठंतरी बघितल्यागत वाटतंय हे कुत्रं. पण बाकी सगळ्यांच्या गळ्यात लाल पट्टा, ह्याचाच गळा मोकळा. इसरलासा व्हय?"

"न्हाई की. चित्रांच्या पैशातनं मी चप्पल लाइनीतल्या कारागिराकडनं पट्टे करून घेतो. पट्टा दिसला की कुत्री धरणारी गाडी पाळीव समजून सोडून देत्या. एक चित्र इकलं, की एका खऱ्या कुत्र्याला एक पट्टा. मगच त्याच्या चित्रात रंगवतो."

"लई डोकं चालवलंसा!" सर्जेरावांनी खुशीत पैसे दिले. "हं, रंगवा आता."

दस्तगीरनं खणातला पट्टा काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"आदी त्याच्या गळ्यात पडू द्या."

"ऱ्हातंय कुठं ते?"

"तुमच्याच हॉटेलच्या पायरीवर. त्याला न्यायला तुमीच सकाळी गाडीला निरोप धाडलासा न्हवं?"

सर्जेरावांनी चित्र तिथंच ठेवलं आणि पट्टा तेवढा उचलला.