डावीकडचा क्लच

इंजिन ओरडत होतं, पण गाडी चढत नव्हती. कालव्याच्या पुलाचा तो एवढासा चढ. अय्युब मिस्त्री गाडीच्या बाजूने चालत होते. चालता चालता ते गाडीच्या पुढे निघून गेले. काहीतरी जळल्याचा वास आला.

"थांब बेटा," ते म्हणाले. "ही प्लेटही गेली."

दीक्षाने हँडब्रेक ओढला. आठ महिन्यांतली ही दुसरी क्लच प्लेट. मागच्या सीटवर तिची आई, सुंदराबाई, डोळे मिटून बसली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. वेळ ठरलेली असे. ती चुकली की त्या दिवशी यंत्र मिळत नसे. येताना आईला आडवं व्हावं लागे, म्हणून रिक्षा चालत नसे. गाडी वाटेत बसली तर काय होईल, ते दोघींनाही ठाऊक होतं. त्याबद्दल दोघीही बोलत नसत.

हडपसरच्या गॅरेजात मिस्त्रींनी आपले दोन तळहात एकमेकांवर दाबले. "हा हात इंजिन, हा हात चाकं. घट्ट चिकटलेले असले की एकाबरोबर दुसरा फिरतो. तू पेडल दाबलंस की हात सुटतात. आता पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवलास, तर काय होईल?"

"अर्धवट सुटतील."

"आणि एकमेकांवर घासत राहतील. प्लेट तशी झिजते."

"पण मी पाय टेकवत नाही, चाचा."

"सगळे हेच म्हणतात. चोरीसुद्धा कबूल करतील, पाय नाही."

त्यांनी क्लचची केबल तपासली. ती बरोबर होती. तेल कुठे गळत नव्हतं. नवी प्लेट बसवून झाल्यावर त्यांनी खिशातून खडू काढला. अशा गाडीला ते नेहमी हेच करत. पेडलवर खडू घासून गिऱ्हाइकाला दोन दिवस गाडी चालवू देत. मग कुणाला विचारावं लागत नसे.

या गाडीला पेडलं डावीकडेही होती. एक क्लच, एक ब्रेक. दीक्षाचे वडील, बुद्धभूषण सर, याच गाडीवर तीस वर्षं लोकांना शिकवत आले होते. शिकणारा उजवीकडे, सर डावीकडे. चपला काढून ते अनवाणी पाय क्लचवर ठेवत. नवख्याची गाडी बंद पडणार असं वाटलं की हलकेच दाबत. नवख्याला वाटे, आपणच सांभाळली. वर्षापूर्वी सर गेले. पेडलं काढावीत असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मिस्त्रींनी डावीकडच्या क्लचलाही खडू घासला. हाताला सवय होती, एवढंच.

शुक्रवारी दीक्षा आली. मिस्त्री आधी उजवीकडे वाकले. तिच्या सँडलचा ठसा स्वच्छ होता. पाय ठेवलेला, उचललेला. कुठे घासल्याची खूण नव्हती.

"खरं बोललीस," ते म्हणाले आणि डावीकडे गेले. तिथे ते बराच वेळ वाकून राहिले.

त्या क्लचवरचा खडू पुसला गेला होता. रबराच्या वरच्या कडेला अनवाणी पायाची पाच बोटं उमटली होती. अंगठा मोठा, बाहेर वळलेला.

"आईंना सांग, पुढे बसून पाय..."

"आई मागेच बसते, चाचा. बाबा गेल्यापासून पुढे कुणीच बसलेलं नाही."

मिस्त्रींनी पाना घेतला. डावीकडच्या पेडलच्या नटाला लावला. मग तो काढून फडक्यात गुंडाळून ठेवला.

"तुझ्या हातून गाडी कधी बंद पडली आहे?"

"नाही. कधीच नाही."

"शिकताना?"

"तेव्हाही नाही."

"माझी लेक शाइस्ता सरांकडेच शिकली. शेवटच्या तासाला ते तिला चढाच्या पायथ्याशी थांबवून म्हणाले, आता मी उतरतो. घाईघाईने उतरले, दारही नीट लावलं नाही. ते तसंच करायचे म्हणे. दार विद्यार्थ्यानेच ओढून घ्यायचं. मग ती एकटी वर गेली." मिस्त्री खडूकडे बघत होते. "तुझा शेवटचा तास झाला होता?"

"नाही. मी मागायचे. ते म्हणायचे, थांब, चढावर अजून तुझा पाय कापतो."

"मग शिकवणी संपलेली नाही," मिस्त्री म्हणाले. "प्लेट मी कितीही बदलेन, बेटा. त्यांना तूच सांगायला हवं."

सोमवारी सकाळी दहाला दीक्षाने कालव्याच्या चढाच्या पायथ्याशी गाडी कडेला घेतली. आई मागे डोळे मिटून बसली होती. हॉस्पिटलची वेळ साडेदहाची. दीक्षाचा डावा पाय कापत होता. तिने समोर रस्त्याकडेच बघितलं. डावीकडे बघायची हिंमत झाली नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी नेते आईला. तुम्ही उतरा आता."

काहीच झालं नाही. दोन दुचाक्या गेल्या. एक बस गेली. त्या बसच्या आवाजात दुसरा काही आवाज झाला असेल, तर तो तिला ऐकू आला नाही. आपण काय बोललो याची तिला लाज वाटली. तिने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली.

दीक्षा स्टिअरिंग धरून बसली. तिच्या हातून गाडी बंद पडली होती, आयुष्यात पहिल्यांदा. क्लचचं पेडल आता सबंध तिच्या एकटीच्या पायाखाली होतं.

तिने पुन्हा चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

"आधी ते डावीकडचं दार ओढून घे," मागून आई डोळे न उघडता म्हणाली. "उघडंच टाकून गेलेत."