पोच

“पुन्हा चुकलात, बाबा! बँडविड्थ म्हणजे वेग नव्हे.”

“मग काल काय म्हणालीस?”

“रस्ता किती रुंद आहे, ते. एका वेळी किती माल जाईल. आणि निघालेला माल पोचायला जो वेळ लागतो, ती लेटन्सी.”

“हां, आलं लक्षात,” म्हणत बाबांनी वहीत दोन्ही शब्दांचे अर्थ उलटसुलट लिहिले. लेकीनं कपाळावर हात मारला.

बाबा टेलिफोन कंपनीत लाइनमन. तीस वर्षं खांबांवर चढून तांब्याच्या तारा जोडल्या. आता सगळं डिजिटल झालेलं. महिन्यापूर्वी जेवताना त्यांनी बातमी सांगितली होती: परीक्षा आहे, पास होईल तो नव्या विभागात, बाकीचे घरी.

“घरी बसून काय करू गं मी? तुझ्या आईची भांडी पुसू?”

“पुसा की! कोण नको म्हणतंय?” आई म्हणाली.

लेकीला मात्र बाबा रिकामे बसलेले बघवले नसते. तिनं याच विषयाचा, नेटवर्किंगचा, डिप्लोमा केला होता, पण नोकरीच्या परीक्षेत दोनदा सपशेल आपटली होती. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तिनं पुस्तकं माळ्यावर फेकली, ‘माझ्या डोक्यात भुसा आहे’ असं जाहीर केलं आणि कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. आता बाबांसाठी ती पुस्तकं खाली उतरली.

रोज संध्याकाळी शिकवणी. त्याच आठवड्यात बाबांनी ऑफिसचे कागदही तिच्यापुढे सरकवले. “इथे सही कर, वारसदार म्हणून. आणि एक फोटो दे.” लेक राउटरची आकृती काढत होती. तिनं न वाचताच सही ठोकून दिली.

बाबांना शिकवणं म्हणजे कर्मकठीण काम! एकदा सांगून कळेना, दोनदा सांगून वळेना. मग तिनं घरातलेच दाखले शोधले.

“हे कपाट वरच्या मजल्यावर न्यायचंय, पण जिन्यात मावत नाही. काय कराल?”

“सुटं करीन.”

“झालं तर! संदेशाचेही तसेच तुकडे करतात. त्यांना पॅकेट म्हणायचं. तुकड्यांवर नंबर असतात, म्हणून पलीकडे पुन्हा जोडता येतात.”

“आणि वाटेत एखादा हरवला तर?”

“मिळालेल्या पॅकेटची पोच उलट येते. पोच आली नाही, की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.”

“किती वेळा?”

“बरेचदा. पोच आली की थांबतो.”

“हे काही नीटसं कळलं नाही बुवा. परत सांग.”

तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिला पुस्तक उघडावंच लागलं नाही. आई दाराशी तोंडाला पदर लावून हसत होती.

एकदा शेजारच्या काकूंचं इंटरनेट बंद पडलं. बाबा गेले आणि दोन मिनिटांत ते चालू करून परत आले.

“काय केलंत?”

“काही नाही गं, वायर हलवली. चल, लेटन्सी म्हणजे काय म्हणालीस?”

रविवार उजाडला. “ऐनवेळी माझी गाळण उडेल, तू सोबत चल,” बाबा म्हणाले. “आणि दोन पेनं घे.” वाटेत तिनं सगळं पुन्हा घोकून घेतलं. बाबांना धड तीन शब्द आठवत नव्हते. ती रडकुंडीला आली.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी बाबांनी खिशातून प्रवेशपत्र काढून पहारेकऱ्याला दिलं. त्यानं फोटो बघितला आणि मग लेकीकडे बघितलं.

“तुम्ही आत चला, ताई. सोबतच्यांनी बाहेर थांबायचं.”

“अहो, परीक्षा यांची...” तिनं प्रवेशपत्र हिसकावून बघितलं. तिच्याच त्या नोकरीच्या परीक्षेचं, वर नाव तिचं. खाली तिचीच घाईतली सही. “बाबा! म्हणजे तुमची परीक्षा नव्हतीच? आणि तुम्हाला काही कळत नव्हतं, ते?”

बाबांनी तिच्या हातात पेन ठेवलं.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोच तेवढी दिली नाही.”