रविवारी घर दाखवत नाही

हेबरनं भिंतीला कान लावला. मग बोटांनी टकटक केली आणि पुन्हा कान लावला. भिंत काही बोलली नाही. गप्प बसणाऱ्यांवर हेबरचा मुळातच विश्वास नव्हता. सगळी नोकरी त्यानं कस्टममध्ये, निरागस चेहऱ्यांच्या बॅगा उचकटण्यात काढली होती.

"ओल नाहीये हो," मागून दोन्या एल्सिरा म्हणाल्या. "पर्स पण उघडून दाखवू का, साहेब?"

मोन्तेविदेओच्या प्रादो भागातलं हे घर त्यांचं. अंगणात लिंबाचं झाड, द्राक्षाचा मांडव, मांस भाजायला विटांची भट्टी. हेबरच्या बायकोनं, नेलिदानं, हे घर लग्नाआधीपासून मनात बांधून ठेवलं होतं. मागच्या महिन्यात ते प्रत्यक्ष दिसलं, आणि हेबरनं आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता काहीतरी केलं. स्वतःचं घर विकायच्या आधीच इसार देऊन टाकला. आता मार्चअखेर आपलं घर विकून उरलेले पैसे उभे केले नाहीत, तर इसारही जाणार आणि लिंबाचं झाडही.

तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. इतकं चांगलं घर ही बाई विकतेच का? एकदा सकाळी येऊन तो गटार हुंगून गेला. एकदा दुपारी शेजारचा कुत्रा तपासून गेला. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे तोही सामील. बाईंना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कंटाळा आला." कंटाळा आला म्हणून माणूस सिनेमाला जातो, घर विकत नाही.

आज तो न सांगता रविवारी संध्याकाळी येऊन थडकला. घराचा खरा दोष रविवारी संध्याकाळीच बाहेर पडतो, हे त्याला स्वतःच्या घरावरून ठाऊक होतं.

त्याचं घर त्याच शहरातल्या पालेर्मो भागात, पहिल्या मजल्यावर. बाल्कनी रस्त्यावर. दर रविवारी वस्तीतले ढोलवाले खालच्या कोपऱ्यावर जाळ करून ढोलांची कातडी तापवत, आणि सातच्या सुमाराला पन्नास-साठ ढोल बडवत बाल्कनीखालून जात. काचा थरथरत. छताचा चुना ताटात पडे. म्हणून घर दाखवायचं ते गुरुवारी. रविवारी येऊ का, असं कोणी विचारलं की हेबर सांगे, "रविवारी संध्याकाळी आम्ही चर्चला जातो." चर्चची पायरी कोणी न चढणाऱ्या मोन्तेविदेओत एवढं ऐकूनच माणसानं पोलिसांना कळवायला हवं.

गेल्या गुरुवारी एकुलतं एक गिऱ्हाईक फिरकलं. त्यानंही आधी रविवारच मागितला होता. चाळिशीचा माणूस, मावशीसाठी घर बघतोय म्हणाला. नळ सोडून बघेना, वायरिंगचं विचारेना. हा चोर आहे, हेबरनं मनाशी नोंद केली. पाहुणा सरळ बाल्कनीत गेला.

"इथे माणसं किती उभी राहतील?"

"उभी कशाला राहायला हवीत?"

"कोपऱ्यावर रस्ता काळा कशानं पडलाय?"

"लोक पानं जाळतात."

पाहुण्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. त्या रस्त्याला झाड नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. कळवतो म्हणाला आणि गेला.

"पानं!" दार लावत नेलिदा म्हणाली. "अरे, आधी एखादं झाड तरी लावायचंस!"

आता दोन्या एल्सिरांनी त्याला मांडवाखाली बसवलं आणि येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा तुंबा हातात दिला. सात वाजून गेले होते. हेबरनं कान टवकारले. गाडी नाही, रेडिओ नाही, लग्नघर नाही. तुंब्यातली नळी ओढल्याचा आवाज तेवढा आला, तोही त्याचाच.

"बाई, एकदाच खरं सांगा. काय खोट आहे या घरात?"

"आधी तुम्ही खरं सांगा," त्या म्हणाल्या. "इसाराच्या कागदावर तुमचा पत्ता वाचला. मी त्याच रस्त्यावर जन्मले. नवऱ्याला शांतता हवी होती म्हणून इथे आले. आता त्याला हवी तेवढी मिळालीय. म्हटलं, यांना विकायचंच आहे, तर आपणच घ्यावं. म्हणून भाच्याला पाठवलं."

"तो तुमचा भाचा?"

"रडवेला होऊन परत आला बिचारा. म्हणाला, मावशी, रस्त्यावर एक झाड नाही आणि तो म्हणतो कोपऱ्यावर पानं जाळतात; ढोलांचं नावच काढत नाही, आणि रविवारी तो माणूस घर दाखवायला तयारच नाही." त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी कस्टमवाल्याकडे कस्टमवाल्याच्याच नजरेनं पाहिलं. "ढोल बंद पडलेत ना? शांत घर माझ्या गळ्यात मारताय?"

पानांच्या गोष्टीनंतर हेबरच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? मग हातच आपणहून टेबलावर गेले. आधी लाकडावरचा ठेका. मग लहान ढोलाची टिमटिम, मग मोठ्याचा घुमारा. कोपऱ्यावर वळताना ढोलवाले जी उडी घेतात, तीसुद्धा. उशी कानावर दाबून वर्षानुवर्षं जे त्यानं शिव्या घालत ऐकलं होतं, त्यातला एक ठोका चुकला नाही. तुंबा टेबलावर नाचत नाचत कडेला गेला. दोन्या एल्सिरांची टाच जमिनीवर पडत होती.

"घेतलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "काही लपवलं नाहीत, हे बरं केलंत."

दोन्ही घरांचा सौदा एका टेबलावर पटला. हेबरनं हात थांबवले, आणि अंगणात पुन्हा काहीच ऐकू येईना. लिंबाचं झाड, मांडव, भट्टी, सगळं जागच्या जागी होतं. आणि ज्या खोटीसाठी तो महिनाभर भिंती ठोकत फिरला, ती त्याला आत्ता, कुठेही कान न लावता, स्पष्ट ऐकू आली.