माफीचे सात महिने

सहाव्या समुपदेशकानेही निर्दोष सोडलं, तेव्हा निहारने यादीतलं तेही नाव खोडलं.

यादी एक्सेलमध्ये होती. निहार जपानमध्ये, त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत भाताच्या रोपांवर काम करायचा, आणि मन मोकळं करायला माणूस शोधायचा तर तोही तक्ता करूनच, असा त्याचा स्वभाव होता. शिक्षण, अनुभव, भाषा, भारत-जपानमधला साडेतीन तासांचा फरक सांभाळायची तयारी. प्रत्येक गोष्टीला गुण. स्काइपवरची पहिली भेट बहुतेक जण फुकट द्यायचे. पुण्याच्या माणसाने ही सोय सोडली असती, तर मात्र त्याच्या मनःस्वास्थ्याची खरोखरच काळजी वाटली असती.

प्रत्येकाला तो एकच हकिगत सांगायचा. मार्चमध्ये मोठा भूकंप झाला. वीज गेली, पाणी गेलं. तिसऱ्या दिवशी आईचा रडत फोन आला आणि चौथ्या दिवशी तो विमानात होता. प्रयोगशाळेतले बाकी सगळे जपानी. ते कुठे जाणार? तेवीस दिवसांनी निहार परतला. रजेवरून येताना सहकाऱ्यांना खाऊ आणायची तिथली रीत, म्हणून दोन किलो बाकरवडी घेऊन आला. ती वाटता वाटता त्याच्या लक्षात आलं की आपण सहलीहून आलेलो नाही. सगळ्यांनी एकेक उचलली, छान आहे म्हणाले आणि कामाला लागले. कुठे होतास, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तो माफी मागत होता. प्रोफेसरांची कमरेत वाकून, बाकीच्यांची जरा कमी वाकून, मेलमध्ये, लिफ्टमध्ये. आता ऑक्टोबर संपत आला होता आणि तो सायकलींच्या शेडमागे एकटाच डबा खात होता. करार वाढवायचा फॉर्म टेबलावर पडून होता, महिनाअखेरीला द्यायचा. त्याच्या शेजारी राजीनाम्याचा मसुदा. एवढी वर्षं घासून मिळवलेली जागा सोडून जायची त्याची तयारी झाली होती. फक्त जाण्याआधी कोणीतरी तोंडावर सांगावं की बाबा, तू चुकलास, एवढीच अपेक्षा.

कोणी सांगेना. मुंबईच्या शिरीषरावांनी तर त्याचं अभिनंदन केलं आणि आपल्या भाच्याचं जपानमध्ये काही जमेल का, ते विचारलं. नाशिकचे एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, आईने बोलावलं, मुलगा गेला, यात पाप कुठलं? एक बाई तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या मामीच्या वर्गमैत्रीण निघाल्या. तो कॉल त्याने नेटवर्कच्या नावावर बंद केला.

सातव्या होत्या सांगलीच्या विद्याताई. तक्त्यात शंभरापैकी एकेचाळीस. त्यांचा कॅमेरा छताकडे लागलेला होता, त्यामुळे निहारने आपलं सगळं दुःख एका फिरत्या पंख्याला सांगितलं. सांगून झाल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला. मी चुकलो ना?

"ते राहू द्या हो," पंखा म्हणाला. "मी चार दिवस माहेरी गेले तर माझा कुंडीतला कढीपत्ता माना टाकतो. तुमच्याकडे वीज नव्हती, पाणी नव्हतं, तुम्हीपण नव्हतात. मग ती भाताची रोपं जगली कशी?"

रोपं ठीक होती, निहार म्हणाला. परत आल्यावर त्याने प्रयोग तिथूनच पुढे सुरू केला होता. तिथल्या व्यवस्थेने सांभाळली असतील.

"व्यवस्थेला काही आडनाव असेल ना? सात महिने माफी मागताय. आभार कोणाचे मानलेत?"

भेटीची वीस मिनिटं शिल्लक होती. आधी तेवढं करून या, मग बोलू, असं म्हणून विद्याताईंनी कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोगशाळेत विचारलं. सगळ्यांनी एकाच बाजूला बोट दाखवलं. ओगावा-सान. पन्नाशीच्या सहायक, दिवसभर काचेची भांडी धुणाऱ्या. निहार माफी मागायला गेला की त्या काही न बोलता सिंककडे वळायच्या. सगळ्यात जास्त राग यांनाच आहे, असं त्याने केव्हाच धरून ठेवलं होतं. आता कळलं ते असं, की पेट्रोल मिळत नव्हतं त्या दिवसांत ओगावा-सान सायकलने टँकरच्या रांगेत जायच्या आणि आपल्या वाट्याच्या पाण्यातल्या दोन बाटल्या रोपांसाठी आणायच्या. वीज नव्हती तोवर सगळे ट्रे उचलून खिडकीशी मांडायच्या. वीज-पाणी परत आल्यावरही येत राहिल्या, तो परतेपर्यंत रोज.

निहार त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. सवयीने माफीच तोंडाशी आली होती, ती गिळली. नुसते आभार मानले. वाकला तो वाकलेलाच राहिला.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. या वेळी ओगावा-सान वळल्या नाहीत.

"मी एकटी राहते," त्या हात पुसत म्हणाल्या. "तेव्हा संस्था बंद होती. घरात बसून मी नुसते धक्के मोजत होते. तुमच्या रोपांना पाणी घालायचं असायचं, म्हणून उठायचे, बाहेर पडायचे. एप्रिलपासून तुमचे आभार मानायचे राहिलेत, निहार-सान. पण तुम्ही समोर आलात की आधी माफी मागता. मग माझं राहूनच जातं."